शिधा, दान आणि अब्रू

परदेशी शिकावयास गेलेल्या आपल्या मुलांवर रागावणे हा अलीकडे आपल्या सुशिक्षित वर्गाचा एक आवडता उद्योग होऊन बसला आहे. २०२४ च्या एप्रिल महिन्यात कॅनडातील एका भारतीय तरुणाची चित्रफीत सर्वत्र पसरली. महाविद्यालये, चर्च व धर्मादाय संस्था चालवितात त्या फूड बँकांतून आपण दर आठवड्यास फुकट शिधा कसा आणतो आणि त्यायोगे महिन्याकाठी शेकडो डॉलर कसे वाचवितो, हे त्याने तीत हौसेने सांगितले होते. ती फुशारकी आम्हांसही आवडली नाही. परंतु तिच्या निमित्ताने आमच्याकडील दिवाणखान्यांतून, वर्तमानपत्रांतून आणि, सांगावयास लाज वाटते, प्राध्यापकांच्या खोलीतूनही जो वाक्प्रहार सुरू झाला, तो अद्याप पुरता थांबलेला नाही. फुशारकी मारणारा एक पोर आणि खाली मान घालून रांगेत उभी राहणारी हजारो पोरे, यांत भेद करण्याइतका धीर कोणासच उरला नाही. यांनी देशाची अब्रू घालविली. पदरी पैसा नव्हता तर हे गेलेच कशाला. आणि चर्चच्या दारात आज हात पसरणारा उद्या गळ्यात क्रूस अडकविणार नाही कशावरून, असा एकंदर या टीकेचा सूर आहे.

आम्हीही त्याच मंडळीत होतो. २०२४ च्या ऑगस्टात कन्येकडे टोरांटोस जाईपर्यंत आमचे मत याहून फारसे निराळे नव्हते, हे प्रारंभीच कबूल करून टाकणे बरे. कारण पुढे ज्यांना आम्ही दोष देणार आहो, त्यांत आमचाही अंतर्भाव होतो.

ज्या संस्थेविषयी हा वाद आहे ती काय आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसावे. नाव 'बँक' असले तरी पेढीशी तिचा संबंध नाही. अमेरिकेतील फिनिक्स शहरी जॉन व्हॅन हेंगेल नावाचा एक गृहस्थ गरिबांच्या भोजनगृहात सेवा करीत असे. दुकानांच्या कचऱ्याच्या पेट्यांत चांगले अन्न टाकून दिलेले सापडते व आपण त्यावर मुले पोसतो, हे त्यास एका बाईने सांगितले. आणि पैसा ठेवावा व काढावा तसे अन्न ठेवण्या-काढण्याचे एखादे ठिकाण असावे, ही कल्पनाही तिच्याच बोलण्यातून निघाली, असे सांगतात. तेथील सेंट मेरी चर्चने त्यास एक ओसाड पडलेली इमारत दिली आणि १९६७ साली पहिली फूड बँक निघाली. तिचे नावही त्या चर्चवरूनच पडले. कॅनडात हे लोण १९८१ साली एडमंटन येथे पोहोचले. मंदीचे दिवस होते. ते सरले की ही दुकाने बंद करावयाची, अशी त्या वेळची समजूत. ती कशी खोटी ठरली पाहा: २०२४ च्या एकट्या मार्च महिन्यात कॅनडाभर अशा ठिकाणी शिध्यासाठी २० लाखांहून अधिक खेपा पडल्या, आणि हा आकडा २०१९ च्या मार्चच्या जवळजवळ दुप्पट होता. चार कोटींच्या आसपास वस्तीचा, गव्हाने कोठारे भरलेला तो देश! तेव्हा रांगेत उभे राहणारे सगळे आपलेच आळशी पोर असतात, ही कल्पना प्रथम डोक्यातून काढून टाकली पाहिजे.

आम्ही ज्या ठिकाणी गेलो ते स्कारबरो भागातील एका चर्चचे तळघर होते. आमची कन्या तेथे शनिवारी सकाळी कामास जाते, हे आम्हांस तेथे पोहोचल्यावर कळले; पत्रातून वा फोनवरून तिने ते कधी सांगितले नव्हते, बहुधा आमचे मत जाणूनच. पहिल्या शनिवारी आम्ही गेलो ते केवळ तिच्या आग्रहाखातर व थोडेसे दोष शोधावयाच्या बुद्धीने. दोष सापडलेही. तळघर दमट होते. नाव, पत्ता, घरात माणसे किती, हे लिहून घेणाऱ्या वृद्ध बाई काहींशी गोड बोलत व काहींकडे जरा अधिक वेळ पाहत. फळ्यांवर डब्यांचीच गर्दी: टोमॅटोचा रस्सा, मक्याचे दाणे, पास्ता, शेंगदाण्याचे लोणी, मांसाचे सूप. शाकाहारी माणसाने त्यातून काय घ्यावे हा प्रश्नच होता. घेवड्याचे डबे तेवढे आमच्या मुलांनी ओळखीचे करून घेतले होते. ते मांडल्यापासून घटकाभरात संपत.

परंतु दोष शोधता शोधता एक गोष्ट आमच्या ध्यानात येऊ लागली व ती आम्हांस फार खटकली. खटकली ती त्यांच्यासाठी नव्हे, आमच्यासाठी. तेथे कोणी कोणाच्या हातात काही 'घालीत' नव्हते. येणाऱ्यास एक टोपली मिळे. घरातील माणसांच्या संख्येप्रमाणे कोणत्या फळीवरून किती घ्यावयाचे याचा अंक भिंतीवर लिहिलेला असे. त्या मर्यादेत काय घ्यावयाचे हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. एक सोमाली बाई दोन डबे हातात घेऊन त्यांवरील अक्षरे वाचीत किती तरी वेळ उभी होती. कोणी तिला घाई केली नाही. आमच्याकडे अन्नदान म्हटले की पंगत आलीच. पान मांडावयाचे, वाढील ते खावयाचे, आणि वाढणाऱ्याने 'अजून घ्या' म्हटले तर तेही घ्यावयाचे. जेवणाऱ्यास आवडनिवड असू शकते, त्याच्या घरी लहान मूल असू शकते, त्यास आज न लागता परवा लागू शकते, याचा विचार आमच्या अन्नदानात कोठे केलेला असतो? ते दिवस दात्याच्या सोयीने पडलेले असतात. वडिलांची पुण्यतिथी, नातवाचा वाढदिवस, अमावास्या, एकादशीचे पारणे. भुकेचे पंचांग निराळे असते. ती महिन्याच्या अखेरीस, भाडे दिल्यानंतर, वाढते, आणि त्या तळघरातील रांगही नेमकी तेव्हाच लांबत असे.

आमच्याकडे सदावर्त हा फार जुना व फार चांगला शब्द आहे. वाटसरूस, यात्रेकरूस, बैराग्यास रोजचा शिधा, म्हणजे पीठ, डाळ, मीठ, द्यावयाचे आणि त्याने आपल्या हाताने, आपल्या चुलीवर, आपल्या रुचीप्रमाणे रांधून खावे, ही त्यातील कल्पना. फूड बँकेची रीत आमच्या पंगतीपेक्षा या सदावर्ताच्या अधिक जवळची आहे. आम्ही सदावर्त हा शब्द ठेवला व वस्तू जवळजवळ टाकली. त्यांनी वस्तू उचलली. पंगतीत आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे कोण कोणाच्या शेजारी बसतो हे पाहणे. पण तिकडे पुढे येऊच.

आता आमिषाचा मुद्दा. चर्च अन्न देते ते धर्मांतरासाठी, हा संशय महाराष्ट्रास निष्कारण जडलेला नाही. गेल्याच्या आधल्या शतकाच्या अखेरीचे दुष्काळ, विशेषतः १८९६-९७ व १८९९-१९०० चे, आणि अहमदनगरकडील मिशनांचे कार्य यांचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याने हा संशय हसण्यावारी नेऊ नये. भुकेल्या माणसास अन्न देणारा जे सांगेल ते त्याच्या कानास गोड लागते. कॅनडातील चर्चांच्या नावे तर याहून मोठा डाग आहे. तेथील मूळच्या लोकांची मुले आईबापांपासून तोडून ज्या निवासी शाळांत कोंबली गेली, त्या शाळा बहुतांशी चर्चेच चालवीत होती; तेथे मुलांची उपासमार होत असे, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या सत्य व सलोखा आयोगाच्या अहवालात सविस्तर नमूद आहे. तळघरातील एका निवृत्त शिक्षिकेशी बोलताना आम्ही हा विषय काढला. आम्हांस वाटले, बाई चिडतील. त्या डबे रचीत होत्या ते त्यांनी थांबविले नाही. 'म्हणून तर मी देवळात वर फार वेळ बसत नाही, खाली येते,' एवढेच त्या बोलल्या.

आम्ही तेथे अकरा शनिवार काम केले. त्या काळात कोणासही प्रार्थना म्हणावयास लावलेली आम्ही पाहिली नाही. धर्म विचारण्याचा रकाना कागदावर नव्हता. रांगेत बुरखा घेतलेल्या बाया होत्या, पगडी घातलेले सरदारजी होते, कपाळाला कुंकू लावलेली एक तमिळ आजी होती. एका चर्चवरून सगळ्या चर्चांविषयी निकाल देण्याइतके आम्ही भोळे नाही. पण ज्यांना भय वाटते त्यांना एक विचारावेसे वाटते. ज्या धर्मातून एका टोपलीभर डब्यांच्या बदल्यात माणूस निघून जाईल अशी तुमची समजूत आहे, त्या धर्माविषयी तुमची श्रद्धा तरी किती? आणि ते भय खरोखरीच असेल तर त्यावर उपाय रांगेतल्या पोरास शिव्या देणे हा नसून त्यास आपल्या घरी जेवावयास बोलाविणे हा आहे. हा उपाय शिखांनी केव्हाच केला. गुरुद्वाऱ्यातील लंगरात जाणारा विद्यार्थी कोणाची अब्रू घालवीत नाही, कारण तेथे जेवणारा, वाढणारा व भांडी घासणारा यांच्यात कायमची भिंत नाही.

आणि ही अब्रू म्हणून जी काही वस्तू आहे, तिच्याविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातील दुष्काळात अन्नान्न करीत गेले. विद्वान कुटुंब, पण मागावयासही अभिमान आड येई आणि मजुरी करावयासही, असे रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्या अब्रूने त्या घरातील तिघांचा बळी घेतला, आणि वाचलेल्या कन्येने पुढे केडगावास दुष्काळग्रस्त मुलीबाळींसाठी जे अन्नाचे व आसऱ्याचे ठिकाण उभे केले, त्यावरही आमच्या वाडवडिलांनी आमिषाचाच शिक्का मारला. त्या मुलींना तेव्हा कोणी आपल्या घरात घेतले, हे त्यांनी सांगितले नाही.

बरे, दुसऱ्याच्या अन्नावर शिकणे ही आमच्या समाजास अपरिचित गोष्ट आहे काय? पेशव्यांच्या श्रावणमासातील दक्षिणेच्या पैशातून पुढे इंग्रजी अमदानीत दक्षिणा फेलोशिपा निघाल्या, आणि रानडे व भांडारकर हे दोघेही त्या मिळवून महाविद्यालयात राहिले. त्यास कोणी भीक म्हटले नाही, म्हणूही नये. पुण्यात वार लावून जेवणे ही गरीब विद्यार्थ्याची नित्याची वाट होती: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, आणि ज्या वाराला घर मिळाले नाही त्या वारी उपास. १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातील मुले प्रारंभीच्या काळात माधुकरी मागून शिकली. आमच्या स्वतःच्या आजोबांनी चार वर्षे वारावर काढली, आणि वृद्धपणी ते ती हकीकत अभिमानाने सांगत. कोणत्या घरची आमटी पातळ असे हेही त्यांच्या लक्षात होते. म्हणजे आजोबांचे वार ते पुरुषार्थाचे आणि नातवाच्या पिढीचे शनिवार तेवढे लाजिरवाणे, असा हा न्याय आहे. फरक इतकाच की आजोबा ज्या घरी जेवत ती सगळी घरे त्यांच्याच जातीची होती. महाराच्या किंवा मांगाच्या मुलास वारही नव्हता आणि माधुकरीही नव्हती. त्याच्यासाठी आणि खेड्यातील बहुजनांच्या मुलांसाठी १९०१ पासून शाहू महाराजांना कोल्हापुरात वसतिगृहे काढावी लागली; भाऊराव पाटलांना साताऱ्यास बोर्डिंग चालवावे लागले, आणि त्या बोर्डिंगातील मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंना अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडावे लागले. अन्न कोणाकडून घ्यावे व कोणास द्यावे याविषयीची आमची सूक्ष्म दृष्टी ही अशी आहे. तिला अब्रूचे नाव देण्याची सवय आम्हांस जुनी आहे.

हे सगळे आम्हांस तळघरात सुचले असे मात्र नाही. तिसऱ्या का चौथ्या शनिवारी एक प्रसंग घडला, तो घडला नसता तर कदाचित हा लेखही लिहिला गेला नसता.

आम्ही तांदळाच्या दोन-दोन किलोंच्या पिशव्या मांडीत होतो. टोपली घेऊन एक मुलगा समोर आला, आमच्याकडे पाहिले, टोपली खाली ठेवली आणि जिन्याकडे वळला. पाठमोरी चाल ओळखीची वाटली. आम्ही नावाने हाक मारली तेव्हा तो थांबला. दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावचा, आमच्या इंग्रजीच्या वर्गात दोन वर्षे पुढच्या बाकावर बसलेला विद्यार्थी.

'सर, तुम्ही इथे?' तो म्हणाला.

आम्हांस काय उत्तर द्यावे हे सुचेना. 'अरे, आधी तांदूळ घे,' असे काहीतरी बोललो. त्याने घेतला नाही. मागची माणसे ताटकळू लागली तेव्हा आमच्या कन्येने मुकाट्याने एक पिशवी त्याच्या टोपलीत ठेवली.

नंतर चर्चच्या मागच्या पायरीवर तो आमच्याशेजारी बसला. वडिलांनी जमिनीवर कर्ज काढले आहे. ज्या महाविद्यालयात तो शिकतो ते एका बाजारपेठेच्या वरच्या मजल्यावर आहे. तेथील पदविकेस कोणी विचारीत नाही हे त्यास आल्यावर कळले. एका गुदामात रात्रपाळी करून तो भाडे भागवीत असे. परदेशी विद्यार्थ्यांना सत्राच्या काळात आठवड्यास २० तासांहून अधिक काम करू न देण्याचा नियम कॅनडा सरकारने २०२२ च्या नोव्हेंबरात, मजूर हवे होते तेव्हा, सैल केला होता. ३० एप्रिल २०२४ रोजी ती सवलत संपली आणि त्याची कमाई एकदम निम्म्यावर आली. भाडे निम्म्यावर आले नाही. दोन महिने तो एक वेळ जेवला, मग कोणी या तळघराचा पत्ता सांगितला. आता दर गुरुवारी तो येथे गाडीतून आलेली खोकी उतरविण्याचे काम करतो. ते करू लागल्यापासून शनिवारी टोपली घेताना तितकेसे वाटत नाही, असे तो म्हणाला.

'घरी बोलू नका, सर. आईला वाटतं मी मेसमध्ये जेवतो.'

मग थोड्या वेळाने, अगदी सहज, त्याने म्हटले, 'तुमचं शिफारसपत्र फार चांगलं होतं, सर. एजंट म्हणाला, असं पत्र असलं की काम होतंच.'

वाचकहो, त्या पत्राची प्रत आमच्यापाशी आहे. 'या होतकरू तरुणास परदेशातील शिक्षणाचा निःसंशय लाभ होईल' असे आम्ही त्यात लिहिले आहे. ज्या शिक्षणसंस्थेसाठी ते लिहिले तिचे नाव आम्ही त्यापूर्वी ऐकले नव्हते व नंतरही शोधले नव्हते. त्या वर्षी आमच्या हातून अशी चौदा पत्रे गेली. इतकेच नव्हे, आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात परदेशी शिक्षणाचा मेळावा भरला, सभागृहाचे भाडे दलालांनी दिले, आणि व्यासपीठावर बसून शाल व श्रीफळ स्वीकारणाऱ्यांत आम्ही होतो. ती शाल अद्याप घरात आहे. दलालास त्या मुलाच्या प्रवेशापोटी महाविद्यालयाकडून दलाली मिळाली, महाविद्यालयास शुल्क मिळाले, आम्हांस शाल मिळाली. मुलास घेवड्याचे डबे मिळाले, तेही चर्चने दिले म्हणून.

या व्यवहारात लबाडी कोणी केली, हे आता नीट पाहावे. २०२२-२३ साली कॅनडात पदवीच्या वर्गातील स्थानिक विद्यार्थ्याचे वार्षिक शुल्क सरासरी ७,००० डॉलरांच्या आत होते, परदेशी विद्यार्थ्याचे ३६,००० डॉलरांच्या वर. ऑन्टारिओ प्रांताने २०१९ साली स्थानिकांचे शुल्क १० टक्क्यांनी उतरविले व तेथेच गोठविले. ती तूट महाविद्यालयांनी आमच्या मुलांच्या खिशातून भरून काढली. शुल्काव्यतिरिक्त वर्षभराच्या खर्चास पदरी किती पैसा असल्याचे दाखवावयाचे, तर १०,००० डॉलर. आणि हा आकडा दोन दशके जागचा हलला नाही. एवढ्यात टोरांटोसारख्या शहरी वर्ष निघत नाही हे तेथील कोणत्याही भाडेकरूस ठाऊक होते, सरकारास ठाऊक नव्हते असे म्हणावयाचे असेल तर म्हणावे. १ जानेवारी २०२४ पासून तो २०,६३५ डॉलर करण्यात आला. म्हणजे आधीचा निम्मा होता, हे त्या सरकारने स्वतःच मान्य केले. पण तोवर देशात दहा लाखांहून अधिक परदेशी विद्यार्थी येऊन बसले होते, आणि त्यांत सर्वांत मोठा भरणा भारतीयांचा.

यावर आमचे मित्र म्हणतात की पुष्कळ मुलांनी तेवढाही पैसा खरा दाखविला नाही. चार दिवसांपुरता उसना आणून खात्यात ठेवला व पावती घेऊन परत केला. हे खरे आहे. आम्ही ते नाकारीत नाही, आणि त्याचे समर्थनही करीत नाही. परंतु खोट्या कागदाने कायद्याचा भंग होतो, भूक खोटी होत नाही. ज्यास शिक्षा द्यावयाची असेल त्यास सरकारने द्यावी. उपाशी ठेवणे ही शिक्षा कोणत्याही दंडसंहितेत लिहिलेली नाही.

एक आक्षेप मात्र याहून वजनदार आहे. फूड बँकेतील अन्न मर्यादित असते, ते स्थानिक गरिबांसाठी लोकांनी दिलेले असते, आणि परदेशी विद्यार्थ्याने ते घेतले तर एखाद्या वृद्धाच्या किंवा पोरवडा असलेल्या बाईच्या टोपलीतून ते जाते. या विचारानेच २०२३ च्या अखेरीस ब्रॅम्प्टन येथील एका ख्रिस्ती अन्नकेंद्राने परदेशी विद्यार्थ्यांस मज्जाव केला, आणि २०२४ साली व्हँकूवरच्या मोठ्या फूड बँकेने पहिल्या वर्षाच्या परदेशी विद्यार्थ्यांस शिधा देणे बंद केले. आमच्याकडील लोकांनी या बातम्या मोठ्या समाधानाने वाचून दाखविल्या. आम्हांस त्या चालकांचा राग येत नाही. रिकाम्या फळीसमोर उभे राहून 'आज संपले' म्हणण्याची पाळी आमच्यावरही दोनदा आली. त्यातल्या एका वेळी समोर दोन लहान मुले घेतलेली बाई होती, आणि आमच्या आधी नुकतेच तीन भारतीय विद्यार्थी भरल्या टोपल्या घेऊन गेले होते. त्या क्षणी आमच्या मनात जे आले ते येथे लिहिण्याजोगे नाही. तरीही आमचे मत असे आहे की वाटणी करावयाची तर गरजेवरून करावी, पारपत्रावरून करू नये. ज्याच्यापाशी खरोखर आहे तो स्थानिक असला तरी त्यास नाही म्हणावे. पारपत्र पाहणे सोपे असते व गरज पाहणे कठीण असते, म्हणून सोपे ते करणे हे सरकारी कचेरीस शोभेल, चर्चच्या तळघरास शोभत नाही.

आणि फळी रिकामी राहते याचा दोष घेणाऱ्यापेक्षा न देणाऱ्याकडे अधिक जात नाही काय? त्या भागात मराठी कुटुंबे थोडी नाहीत. घरे स्वतःची आहेत, दारात दोन गाड्या आहेत. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात आम्हांस एका मंडळाने भाषणास बोलाविले होते. श्रीखंड, मसालेभात, भजी, सगळे यथास्थित होते, आणि उरलेल्या अन्नाच्या चार मोठ्या थाळ्या काळ्या पिशव्यांत रित्या होत असलेल्या आम्ही पाहिल्या. भाषणाच्या अखेरीस आम्ही फूड बँकेचा विषय काढला: प्रत्येक घराने महिन्याकाठी दोन किलो तूरडाळ व पाच किलो कणीक द्यावी, म्हणजे आपल्या मुलांचा भार स्थानिकांच्या वाट्यावर पडणार नाही, आणि एखाद्या स्थानिकासही डाळ चाखावयास मिळेल. सभेत शांतता पसरली. एक सद्गृहस्थ उठून म्हणाले की हेतू चांगला आहे, परंतु चर्चला मदत करणे मंडळाच्या घटनेत बसत नाही. दुसऱ्या एका गृहस्थांस भीती वाटली की असे केले तर आपली मुले रांगेत आहेत हे आपणच जाहीर केल्यासारखे होईल. तिसऱ्या बाईंनी विचारले, 'पण प्रोफेसरसाहेब, ही मुलं मराठी आहेत कशावरून? पंजाबी असतील.'

आम्ही खाली बसलो. जेवणाच्या वेळी चार घरच्या बायका स्वयंपाकघराच्या दाराशी आमच्या कन्येस भेटल्या आणि डाळ कोणत्या वारी व किती वाजता पोहोचवावयाची हे विचारून गेल्या. घटनेचा प्रश्न त्यांनी काढला नाही.

फूड बँकेने भूक मिटते असा आमचा दावा नाही. चाळीस वर्षांपूर्वी तात्पुरती म्हणून निघालेली वस्तू कायमची व्हावी यात त्या देशास भूषण नाही, आणि तळघरातील त्या निवृत्त शिक्षिकेचेही तेच मत होते. निवडणुकीच्या उमेदवारांस ती दर खेपेस पत्र लिहिते की आमचे दुकान बंद पाडा. पण बंद पाडावयाचे ते भाडे, मजुरी व शुल्क यांचा न्याय करून. फळ्या रित्या ठेवून नव्हे. तोवर जो तेथे उभा आहे त्याने खाल्ले पाहिजे.

गावी परतल्यावर आम्ही प्राचार्यांस पत्र लिहून कळविले आहे की ज्या संस्थेचे शुल्क, तेथील वसतीचा खर्च व पदवीची मान्यता आम्ही स्वतः तपासली नाही, तिच्यासाठी आम्ही शिफारसपत्र देणार नाही, आणि दलालांच्या मेळाव्यास सभागृह देण्यास आमचा विरोध आहे. उत्तर आलेले नाही. मेळाव्याची तारीख मात्र सूचनाफलकावर लागली आहे. कन्येच्या पत्रावरून कळते की तूरडाळ आता तिसऱ्या फळीवर ठेवतात, आणि ती कशी शिजवावी हे आमच्या त्या विद्यार्थ्याने इंग्रजीत एका कागदावर लिहून भिंतीस लाविले आहे; 'हिंग नसल्यास चालेल' असेही त्यात आहे.